एदगार देगा

एदगार देगा (१९ जुलै १८३४ – २७ सप्टेंबर १९१७) हे फ्रेंच चित्रकार, मुद्राचित्रकार व शिल्पकार होते. बॅले नर्तकी, घोड्यांच्या शर्यती आणि स्नान करणाऱ्या स्त्रिया या विषयांवरील त्यांची चित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. पेस्टल या माध्यमाला त्यांनी तैलरंगाच्या तोडीचे स्थान मिळवून दिले.

प्रारंभिक जीवन

देगा यांचा जन्म पॅरिसमधील एका बँक व्यावसायिकाच्या घरात झाला. ते तेरा वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. १८५५ मध्ये त्यांनी पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे १८५६ ते १८५९ या काळात इटलीत राहून त्यांनी जुन्या चित्रकारांच्या कृतींचा अभ्यास केला. १८७० च्या युद्धात राष्ट्रीय रक्षक दलात असताना त्यांच्या दृष्टीतील दोष लक्षात आला. हा विकार त्यांना आयुष्यभर जडला. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांच्या आठ प्रदर्शनांपैकी सात प्रदर्शनांत त्यांनी भाग घेतला.

पेस्टलमधील तंत्र

पेस्टलचे रंगकण कागदावर केवळ अडकून राहतात व धक्क्याने झडतात. देगा एका थरावर स्थिरक फवारून त्यावर पुढचा थर चढवीत. कधी ते रंगावर वाफ सोडून तो मऊ करीत, तर कधी पाण्यात कालवून कुंचल्याने लावीत. त्यामुळे खालचा रंग वरच्या रेषांमधून दिसत राहतो.

स्मृतीतील निसर्गचित्रे

निसर्गासमोर बसून चित्र रंगवण्याच्या पद्धतीची देगा थट्टा करीत. पाहिलेले दृश्य मनात मुरू द्यावे व जे उरेल तेच रंगवावे, अशी त्यांची धारणा होती. १८९० च्या शरद ऋतूत शिल्पकार बार्तोलोमे यांच्यासह ते घोडागाडीने बर्गंडी प्रांतातून दिएने या गावी, चित्रकार जानिओ यांच्याकडे गेले. वाटेत दिसलेल्या टेकड्या, शेते व रस्ते त्यांनी तेथे आठवणीतून साकारले. धातूच्या पत्र्यावर तैलरंग पसरून ते कागदावर ठसा घेत व तो वाळल्यावर त्यावर पेस्टलने काम करीत. यांतील अनेक चित्रांत नेमके ठिकाण ओळखता येत नाही. १८९२ मध्ये द्युराँ-रुएल यांच्या दालनात केवळ निसर्गचित्रांचे त्यांचे प्रदर्शन भरले.

चौकटी

चौकट हा चित्राचाच भाग आहे, असे देगा मानीत. प्रचलित नक्षीदार सोनेरी चौकटी त्यांना मान्य नव्हत्या. चौकटींच्या छेदांची रेखाटने त्यांच्या वह्यांत आढळतात. पांढऱ्या किंवा चित्राशी जुळणाऱ्या रंगांच्या, साध्या खाचांच्या चौकटी त्यांनी योजल्या. विकलेल्या चित्राची चौकट मालकाने बदललेली त्यांना खपत नसे. पेस्टलचित्राला काचेचे आच्छादन लागते व काच रंगाला टेकू नये म्हणून मध्ये अंतर ठेवावे लागते. त्यामुळे या माध्यमात चौकट शोभेपुरती नसून चित्राच्या रक्षणासाठीही असते. देगा यांनी योजलेल्या मोजक्याच चौकटी आज शिल्लक आहेत.

अखेरची वर्षे

दृष्टी मंदावत गेली तशा त्यांच्या रेषा जाड व रंग अधिक प्रखर झाले. १९१२ मध्ये दीर्घकाळ वास्तव्य असलेले घर पाडले जाणार असल्याने त्यांना ते सोडावे लागले. त्यानंतर त्यांचे काम जवळजवळ थांबले. पहिले महायुद्ध सुरू असताना पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. चित्रशाळेत उरलेल्या त्यांच्या कृतींचा लिलाव १९१८ व १९१९ मध्ये झाला.