डिझेल नावाचा माणूस आणि तापलेलं इंजिन

खंबाटकीच्या घाटात बोनेट उघडून उभी असलेली जुनी डिझेल गाडी तुम्ही पाहिली असेलच. वाफ निघतेय, गाडीखाली पाण्याचा ओघळ, आणि ड्रायव्हर हातात बाटली घेऊन इंजिन थंड व्हायची वाट बघतोय. कदाचित ती गाडी तुमच्याच काकांची असेल! त्या गाडीचं इंधन आणि इंजिन, दोन्ही ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तो माणूस तुम्हाला माहीत आहे का? गंमत म्हणजे, आपल्या इंजिनाला थंड करायला पाणी लागणारच नाही, असं त्याला सुरुवातीला वाटत होतं.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांत युद्ध पेटलं आणि हे कुटुंब पॅरिसमध्ये परकं ठरलं. सगळे लंडनला गेले. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत, ऑग्सबुर्गला काकांकडे पाठवण्यात आलं. पोरगा हुशार निघाला. पुढे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत गेला. ऐन शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला, परीक्षा हुकली. पुढची संधी येईपर्यंत त्याने कारखान्यात अनुभव घेतला आणि १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवली. बॅकलॉगचं टेन्शन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

म्युनिकला त्याचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे, शीतयंत्रांमधले मोठे नाव. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामी लावतं. बाकी सगळी वाया! हे त्याच्या डोक्यात घर करून बसलं.

त्याने शोधलेला उपाय तुम्ही स्वतः अनुभवलाय. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? हवा दाबली की ती तापते. मग ती इतकी दाबायची, की आत सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटलं पाहिजे. १८९३ मध्ये त्याला या कल्पनेचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्याने पुस्तकही लिहिलं. त्याचं गणित असं, की हे इंजिन उष्णता इतकी नीट वापरेल, की सिलिंडर पाण्याने थंड करायची गरजच नाही. उष्णता वाचवायची असेल तर ती पाण्यात कशाला घालवायची?

कागदावर बरोबर होतं. पण १० ऑगस्ट १८९३ ला ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीत इंधन पेटलं आणि दाब मोजणारं उपकरणच फुटून तुकडे उडाले. कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. रुडॉल्फने मात्र त्यातला चांगला भाग बघितला: हवा दाबून इंधन पेटतं, हे सिद्ध झालं होतं! पुढच्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या जोरावर जेमतेम मिनिटभर चाललं. मग जवळपास तीन वर्षं एकेक भाग बदल, चाचणी घे, नोंद कर, पुन्हा बदल. यातच त्याचा हट्टही गेला. सिलिंडरभोवती पाणी खेळवावंच लागलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये अधिकृत चाचणी झाली, तेव्हा इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी लावली होती.

आजही इंधनातल्या उष्णतेचा मोठा हिस्सा कूलंट वाहून नेतं. म्हणून काकांच्या गाडीचा काटा लाल रेषेकडे सरकला, तर रुडॉल्फसारखंच क्रमाने शोधा. आधी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी अंगावर येईल. थंड झाल्यावर पातळी बघा. कमी असेल, तर होज पाइपचे जोड, रेडिएटर आणि वॉटर पंपाची खालची बाजू तपासा. ओल किंवा वाळलेल्या कूलंटचा डाग दिसला, की गळती सापडली. पातळी ठीक असेल, तर थर्मोस्टॅट अडकलाय का, पंखा फिरतोय का, ते मेकॅनिककडून बघून घ्या. बाहेर कुठेच गळती नाही, तरी कूलंट कमी होतंय? टाकीत बुडबुडे येतायत, ऑइल दुधाळ झालंय? मग हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. डिझेल इंजिनात दाब जबरदस्त असतो, त्यामुळे जुन्या गाडीत हे गॅस्केट जपावं लागतं. नुसतं पाणी ओतत राहिलात, तर दुखणं लपतं आणि खर्च वाढतो.

रुडॉल्फच्या आयुष्यात नेमकं हेच झालं. चाळिशीत तो श्रीमंत झाला, म्युनिकला आलिशान घर बांधलं. पण सुरुवातीची इंजिनं ग्राहकांकडे बिघडत होती, पेटंटवरून वाद होते, जमिनीच्या व्यवहारांत पैसा बुडत होता. कामाच्या ताणाने त्याला उपचारही घ्यावे लागले. १९१३ मध्ये त्याने आपल्या इंजिनाच्या जन्माची हकिगत छापली, त्यात अपयशंही मोकळेपणाने मांडली. स्वतःच्या कर्जाबद्दल मात्र घरच्यांनाही नीट सांगितलं नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. सोबत्यांबरोबर जेवला, केबिनकडे गेला आणि सकाळी तो बोटीवर नव्हता. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. पत्नीला त्याने आधीच एक बॅग दिली होती. त्यात २० हजार मार्क रोख होते, आणि खाती जवळपास रिकामी असल्याचं दाखवणारे कागद. त्याचं वय होतं ५५. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही वाद आहे. पैशांची गळती मात्र कितीतरी आधी सुरू झाली होती, हे नक्की.

डिझेलवर धावणारी मोटार बाजारात आलेली त्याने पाहिलीच नाही. मर्सिडीजची २६० डी आली १९३६ मध्ये. दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि हे यंत्र आपल्या विहिरींवर पोचलं. आजोबांना विचारून बघा. विहिरीवरच्या इंजिनातून गरम पाण्याची बारीक धार बाहेर पडायची, तिच्यात हात धरल्याचं त्यांना आठवत असेल. जी उष्णता सोडायला रुडॉल्फ सुरुवातीला तयार नव्हता, तीच त्या पाण्यातून बाहेर जात होती, आणि म्हणून इंजिन दिवसभर चालत होतं.

तुमचाही काटा कधी वर चढला, तर गाडी बाजूला घ्या आणि कुणाला तरी सांगा.