रूपाहून निराळे तेज

आज महाशिवरात्र. काशीविश्वेश्वराचे मनोमन दर्शन घेताना, १७८० च्या सुमारास ते मंदिर पुन्हा उभारणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची आठवण होणे स्वाभाविकच. हाती शिवलिंग घेतलेली त्यांची तसबीर आम्ही भक्तिभावाने पाहतो. त्या हाताने लेखणीही धरली होती, हे मात्र बहुधा विसरतो.

१७२५ साली चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी त्या जन्मल्या. मुलीच्या हाती पाटी देणे अनुचित मानणाऱ्या त्या काळी पित्याने त्यांना लिहिणे-वाचणे शिकविले. सासरे मल्हारराव यांनी ती विद्या चुलीपाशी कोमेजू दिली नाही. १७६५ मधील एका पत्रात तर त्यांनी सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याची आज्ञा केली आहे. सुनेवर असा विश्वास टाकणारे सासरे आजही किती घरांत सापडतील?

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ साली मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत बाईंनी राज्य सांभाळले. पहाटेपूर्वी उठून पूजाअर्चा, पुराणश्रवण, दानधर्म. दुपारी दोनपासून सायंकाळपर्यंत दरबार. पुराणे त्या स्वतः वाचून समजून घेत. अंगावर पांढरे वस्त्र. अलंकार जवळजवळ नाहीच.

रूपाने त्या सामान्य होत्या. अंगलट कृश, वर्ण सावळा. १८२३ साली माळव्याचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या माल्कम साहेबाने एक हकीकत नोंदविली आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई रूपवती. अहिल्याबाईंची कीर्ती त्यांना सलत होती. बाई दिसतात तरी कशा, हे पाहण्यास त्यांनी एक दासी धाडली. ती परत येऊन म्हणाली, की नाकीडोळी सुंदर म्हणता येणार नाहीत, पण मुखावर दिव्य तेज आहे. यातले सुंदर नाहीत एवढेच आनंदीबाईंनी उचलले आणि त्यातच समाधान मानले! तेजाचे काय करावे, हे त्यांना उमगले नसावे, असे आम्हांस वाटते.

स्तुतीचेही बाईंना वावडे होते. एका ब्राह्मणाने त्यांच्या गुणगानाचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुबळी, पापी स्त्री असून या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकविला. ग्रंथकर्त्याची पुढे विचारपूसही झाली नाही.