मुंबई बेटाचा खंडकरी

मुंबईत दहा बाय बाराच्या एका खोलीसाठी माणसाचे उभे आयुष्य खर्ची पडते. गिरगावात, लालबागेत, परळला पागडीच्या पावत्या देवघराच्या कप्प्यात जपून ठेवणारी कुटुंबे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. याच मुंबईचे मूळ बेटच्या बेट एके काळी एका डॉक्टरला खंडाने मिळाले होते, हे ऐकले की प्रथम हसू येते. मी उभा जन्म बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासण्यात घालवला. त्यामुळे माझ्या मनात दुसरा प्रश्न आधी येतो. हा माणूस कोण होता, आणि त्याने या मालमत्तेचे केले काय?

त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. त्याने मुंबईचे जे केले, ते एका वाक्यात सांगता येते: त्याने इथे बाग राखली. पण त्याचे नाव जगात राहिले ते बागेमुळे नव्हे, एका पुस्तकामुळे. आणि त्या पुस्तकातला एक धडा आजच्या वर्तमानपत्राशी थेट नाते सांगतो. तो धडा आहे भांगेवर.

अलीकडे बातम्यांत ‘हायड्रोपोनिक गांजा’ हा शब्द वारंवार येतो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात तो मुंबई विमानतळावर सापडला, अशी बातमी आता नवी राहिलेली नाही. हायड्रोपोनिक म्हणजे मातीविना, पाण्यावर वाढवलेले. यातल्या एका पद्धतीला भरती-ओहोटीची पद्धत म्हणतात. बादल्यांत मातीऐवजी भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा खडी भरतात. टाकीतले खत मिसळलेले पाणी पंपाने ठरावीक वेळाने बादल्यांत चढते आणि पुन्हा टाकीत उतरते. पाणी चढले की मुळांना अन्न मिळते, उतरले की हवा. याच रीतीने गच्चीवर पालक, पुदिना आणि टोमॅटो पिकवणारे लोक आहेत, आणि ते कौतुकाचेच काम आहे. पण बंद खोलीत, पडदे ओढून, दिव्यांच्या उजेडात गांजाचे झाड वाढवणे हा आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या झाडासाठी माणसे आज दारे लावून घेतात, त्याच्याविषयी साडेचारशे वर्षांपूर्वी दार सताड उघडे ठेवून लिहिणारा पहिला युरोपीय वैद्य म्हणजे हा आपला खंडकरी.

ओर्ताचा जन्म 1500 च्या सुमारास पोर्तुगालमधल्या काश्तेलू द व्हीद या सरहद्दीजवळच्या गावी झाला. आईबाप मूळचे स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, तेव्हा ते पोर्तुगालात आले. पाच वर्षांनी तिथेही ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशा घरांतल्या लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नाव ख्रिस्ती, नमस्कार चर्चच्या दिशेने आणि पाठीवर शेजाऱ्यांची नजर, अशी ती जिणी होती. गार्सिया सालामांका आणि आल्काला या विद्यापीठांत वैद्यक शिकला, परत येऊन वैद्यकी करू लागला आणि लिस्बनच्या विद्यापीठात शिकवूही लागला.

स्थिरावलेला प्राध्यापक चाळिशीच्या आत सहा महिन्यांच्या जीवघेण्या समुद्रप्रवासाला का निघतो? पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, येणार अशी चाहूल लागली होती. नव्या ख्रिस्तींना देश सोडण्यावर बंधने होती. मार्तिम आफोन्सो द सोझा हा दर्यासारंग हिंदुस्थानात निघाला होता. त्याचा खासगी वैद्य म्हणून ओर्ताने मार्च 1534 मध्ये लिस्बन सोडले आणि सप्टेंबरात तो गोव्याला उतरला. दोनच वर्षांनी, 1536 मध्ये, पोर्तुगालात धर्मन्यायालय बसले. ओर्ता पुन्हा मायदेशी गेला नाही.

तो आला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांत मुंबई होती. ओर्ता सोझाबरोबर पश्चिम किनाऱ्यावर हिंडला, लढाया जवळून पाहिल्या आणि मग गोव्यात स्थायिक झाला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याच्याकडून औषध घेत. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहाही त्याला बोलावून घेई. घाट चढून तो नगरच्या दरबारात जाई. तिथल्या हकिमांशी त्याची चर्चा चाले. सुलतानाकडून त्याने रोगांची व औषधांची अरबी नावे घेतली आणि आपली त्याला दिली. वैद्यकीबरोबर औषधी आणि रत्ने यांचा व्यापारही तो करी. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांप्रमाणे त्याला घरखर्चाची चिंता नव्हती; चिंता होती ती वेगळीच.

1554 च्या सुमारास त्याला मुंबई बेट खंडाने मिळाले. दरसाल सरकारात रक्कम भरायची, बाकीचे उत्पन्न आपले. त्या वेळची मुंबई म्हणजे नारळीच्या राया, भातखाचरे, कोळ्यांची गावठाणे आणि मधल्या खाड्या. आज जिथे दादर-परळहून गाडी सरळ चर्चगेटला येते, तिथे दिवसातून दोनदा भरतीचे पाणी बेटाबेटांमध्ये शिरे आणि ओहोटीबरोबर परत जाई. ओर्ता स्वतः राहायचा गोव्यात. इथला कारभार त्याचा कूळ सिमाँव तोश्कानो पाही. पुस्तकात एक प्रसंग आहे: हा तोश्कानो गलबत बांधून घरी येतो आणि गव्हर्नराला भेट देण्यासाठी मुंबईच्या आंब्यांची करंडी पाठवतो. मुंबईतले आपले एक झाड वर्षातून दोनदा फळते, मे महिन्यात आणि पुन्हा वर्ष संपता संपता, हे ओर्ताने अभिमानाने नोंदवले आहे. घारापुरीची लेणीही त्याने पाहिली आणि त्यांचे वर्णन केले. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांमागे, आता नौदलाच्या आंग्रे तळाचे आवार आहे तिथे त्याचा वाडा होता असे मानतात. 1665 मध्ये पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या हवाली केली, तो समारंभही तिथल्याच वाड्यात झाला.

त्याचे पुस्तक 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात छापून झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाई इतकी सदोष की शुद्धिपत्रच वीसेक पानांचे झाले. पंडितांची भाषा लॅटिन असताना ओर्ताने पुस्तक पोर्तुगीजमध्ये लिहिले, आणि तेही संवादरूपाने. रुआनो नावाचा एक काल्पनिक विद्वान युरोपातून पोथ्यांतले ज्ञान घेऊन येतो आणि ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मधूनच दासी अंतोनिया एखादी फांदी किंवा फळ आणून समोर ठेवते. ग्रीक आणि रोमन आचार्यांनी न पाहता लिहिलेल्या गोष्टी तो एकेक करून खोडतो. फणस, नारळ, चिंच, हिंग, विडा, अफू, धोतरा... यादी आपल्या परसातली आणि स्वयंपाकघरातली आहे. पटकीचे वर्णन करताना त्याने आपला मोडशी हा शब्दही जरा वेडावाकडा करून घेतला आहे. आशियातल्या पटकीचे एका डॉक्टरने केलेले ते फार जुने आणि नेमके वर्णन मानले जाते.

आठवा संवाद भांगेचा. युरोपात दोर आणि कापडासाठी लावतात त्या झाडासारखेच हे दिसते, पण तेच ते नव्हे, असे तो सांगतो. पाने कुटून, कधी बियांसह, त्यांचा पाक कसा करतात, त्यात जायफळ, लवंग, कापूर, कस्तुरी, क्वचित अफू कशी घालतात, हे तो नोंदवतो. आपण स्वतः ती चाखलेली नाही हे तो मोकळेपणाने सांगतो आणि माहिती घेतो ती घरच्या नोकरमाणसांकडून. त्यांना काम जड वाटत नाही, मन हलके होते, भूक लागते, हे त्यांचे म्हणणे. बहादूरशहाने सोझाला सांगितलेली गोष्टही त्याने दिली आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानला जावेसे वाटले तर या सुलतानाला गलबत लागत नसे, थोडी भांग पुरे. लगेच दुसरी बाजूही येते. घाटावर ओर्ताबरोबर असलेल्या एका पोर्तुगीज विदूषकाने हा पाक खाल्ला आणि लोकांना हसवणारा तो माणूस आसवे ढाळीत बसला. ओर्ता या झाडाला शिव्या देत नाही आणि ओव्याही गात नाही. डॉक्टराने असेच सांगावे. पुढे 1785 मध्ये लामार्कने भारतीय जातीला वेगळे शास्त्रीय नाव दिले आणि 1893-94 मध्ये इंग्रज सरकारने भांग-गांजावर मोठा आयोग नेमला. त्या वाटेवरचे पहिले पाऊल या संवादात आहे.

1567 मध्ये क्लूसियसने अँटवर्पला या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप छापला आणि युरोपभर ते पोचले. ओर्ता 1568 मध्ये गोव्यात वारला. अंथरुणातच मेला, हे त्याचे नशीब. कारण धर्मन्यायालय 1560 मध्ये त्याच्या मागोमाग गोव्यात येऊन ठेपले होते. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत त्याची बहीण कातारिना पकडली गेली. घरात चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला गोव्यात जिवंत जाळले. चौकशीत भावाचे नाव निघाले. 1580 च्या डिसेंबरात ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

सुलतानाच्या भांगेपासून नोकरांच्या नशेपर्यंत सगळे उघड लिहिणाऱ्या या माणसाने एकच गोष्ट कधी कागदावर आणली नाही: आपण दार लावून कोणाची प्रार्थना करतो ती. चौतीस वर्षे त्याने ती घरात सांभाळली. पुस्तक वाचताना त्याची एक सवय लक्षात येते. तो ग्रंथाचा अधिकार सहज झुगारतो आणि डोळ्यांवर विश्वास ठेवतो. पण चर्चच्या वाटेला तो जात नाही. याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. दोन मुलींच्या बापाला आणि म्हाताऱ्या आईच्या मुलाला दुसरे काय करता येणार?

नोटा आणि नाणी हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यापुढची गोष्ट विशेष वाटते. 1991 मध्ये पोर्तुगालने 200 एस्कुदोंचे दुरंगी धातूचे नाणे काढले. त्यावर चित्र होते गार्सिया द ओर्ताचे. युरो येईपर्यंत ते नाणे लोकांच्या खिशांत खुळखुळत होते. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. मुंबईत मात्र, जिथे त्याचे झाड वर्षातून दोनदा फळत होते, तिथे त्याच्या नावाचा फलक बहुतेकांनी पाहिलेला नाही. मेअखेरीस घरात आंब्याची पेटी फुटली की मुलांना एवढे सांगायला हरकत नाही: या शहराच्या आंब्याची पहिली छापील तारीफ एका परक्या वैद्याने केली. आणि तो ती लिहीत होता, तेव्हा स्वतःच्या घराच्या दाराला आतून कडी होती.