बेड्यांमधले तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञानाचा उपयोग काय? हा प्रश्न या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकावा लागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मला तो अंमळ जास्तच ऐकावा लागतो. त्याचे उत्तर मला जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन वैमानिकाच्या चरित्रात सापडले.

स्टॉकडेल यांचा जन्म १९२३ चा. नौदलात वैमानिक झाल्यावर ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेले. १९६२ साली निरोप देताना तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक फिलिप ऱ्हाइनलँडर यांनी त्यांना एपिक्टेटसच्या शिकवणीचे छोटेसे पुस्तक भेट दिले. एपिक्टेटस हा प्राचीन रोमन साम्राज्यातील गुलाम. पायाने अधू, पण पुढे थोर गुरू झालेला. जे आपल्या हाती नाही त्यासाठी झुरू नये, आणि आपले मन कुणाच्या स्वाधीन करू नये, ही त्याची शिकवण. लढाऊ वैमानिकाला याचा काय उपयोग, असे स्टॉकडेल यांनाही आरंभी वाटले!

९ सप्टेंबर १९६५ रोजी उत्तर व्हिएतनाममध्ये त्यांचे विमान पाडले गेले. मोडलेल्या पायाने ते हनोईच्या होआ लो तुरुंगात आले. सात वर्षांहून अधिक काळ कैद, त्यातली चार वर्षे एकांतवास, दोन वर्षे पायांत बेड्या. गुरूसारखाच शिष्यही लंगडा झाला. बोलण्याची बंदी होती, म्हणून कैदी भिंतीवर टकटक करून अक्षरे जुळवीत आणि एकमेकांना धीर देत. आपल्याला प्रचारपटात दाखवणार हे कळताच स्टॉकडेल यांनी पात्याने डोके कापून घेतले, स्टुलाने स्वतःचा चेहरा ठेचला.

ते युद्ध न्याय्य होते काय? १९६४ साली टोंकिनच्या आखातातील ज्या हल्ल्याचे निमित्त झाले, त्या रात्री आपल्याला शत्रूची एकही बोट दिसली नाही, हे पुढे स्टॉकडेल यांनीच लिहिले.

१९७३ मध्ये सुटका झाली. नौदलाच्या युद्ध महाविद्यालयाचे प्रमुख असताना त्यांनी अधिकाऱ्यांना नीतिशास्त्र स्वतः शिकवले. नंतर ते सिटाडेल या लष्करी महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. तेथील रॅगिंगला आळा घालताना विरोध झाला, तेव्हा १९८० मध्ये त्यांनी पद सोडले. छळ सोसलेल्या माणसाला नवागतांचा छळ पाहवला नाही! २००५ साली, माझ्या जन्माआधीच, ते वारले.

मित्रहो, तुरुंगात ते पुस्तक त्यांच्याजवळ नव्हते. जेवढे मनात उतरले होते तेवढेच सोबत आले. परीक्षेपुरते गाईड पाठ करणाऱ्या आपल्याजवळ, गाईड हिरावून घेतल्यावर, काय उरेल?