मोहरीचे गोत्र शोधणारा माणूस

फोडणीत तडतडणारी मोहरी, बाजारातला कोबी आणि सलगमाचा कंद यांच्यात काही नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण ही सारी एकाच घराण्यातली मंडळी आहेत. या घराण्याचे नाव ब्रासिका. त्यात कोण कोणाचे आईबाप आणि कोण कोणाचे लेकरू, हे ज्या वैज्ञानिकाने पुराव्यानिशी सांगितले, त्याला स्वतःच्या कुळाचा भार मात्र आयुष्यभर वाहावा लागला. जपानीत त्यांचे नाव ऊ नागाहारू, तर कोरियन भाषेत ऊ जांग-चून.

त्यांचा जन्म 1898 मध्ये टोकियोत झाला. आई जपानी, वडील कोरियन. कोरियाच्या राणीची 1895 मध्ये हत्या झाली. त्या कटात सामील असलेले लष्करी अधिकारी ऊ बोम-सॉन जपानमध्ये पळून आले होते. हेच त्यांचे वडील. 1903 मध्ये एका कोरियन माणसाने त्यांनाही ठार केले. तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. घरी इतके दारिद्र्य आले, की काही काळ त्याला एका मंदिराच्या अनाथाश्रमात ठेवावे लागले. जपानमध्ये तो कोरियन, तर कोरियात देशद्रोह्याचा मुलगा. दोन्हीकडे परकेपणाच वाट्याला आला.

टोकियोत शेतीशास्त्राचे शिक्षण घेऊन 1919 मध्ये ते सरकारी कृषी संशोधन केंद्रात लागले. तिथे त्यांनी सुमारे अठरा वर्षे काम केले, त्यातील बराच काळ कनिष्ठ पदावर. सुरुवातीला फुलझाडांवर संशोधन केले आणि मग ते मोहरीच्या घराण्याकडे वळले.

वनस्पतींचे नाते तोवर मुख्यतः पाने, फुले, शेंगा यांच्या ठेवणीवरून ठरवले जाई. पण दिसणे फसवे असते. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल ही एकाच जातीची रूपे आहेत, हे नुसते बघून पटणार नाही. खात्रीची खूण हवी होती, आणि ती पेशीच्या आत होती. ती खूण म्हणजे गुणसूत्रे. परागकणातील गुणसूत्रे मोजली, तर सलगमाच्या जातीत ती 10 भरतात, काळ्या मोहरीत 8 आणि कोबीत 9. आपल्या फोडणीच्या मोहरीत 18, कॅनोला तेल देणाऱ्या रेपसीडमध्ये 19 आणि इथिओपियन मोहरीत 17. बेरीज करून पाहा. 10 आणि 8 मिळून 18, 10 आणि 9 मिळून 19, 8 आणि 9 मिळून 17.

नुसत्या बेरजेने मात्र नाते सिद्ध होत नाही, कारण 9 आणि 9 मिळूनही 18 होतातच. त्यासाठी निसर्गाची एक सवय उपयोगी पडते. परागकण तयार होताना सारखी गुणसूत्रे एकमेकांना ओळखून जोडीने उभी राहतात, आणि ज्यांना जोडीदार नसतो ती एकटी राहतात. फोडणीच्या मोहरीचा सलगमाच्या जातीशी संकर केला, तर 10 जोड्या जुळतात आणि 8 गुणसूत्रे एकटी उरतात. म्हणजे मोहरीच्या 18 पैकी 10 सलगमाकडून आलेली आहेत. काळ्या मोहरीशी संकर केला, की उरलेल्या 8 चा मूळ मालकही सापडतो. मोरिनागा या जपानी शास्त्रज्ञाने असे संकर आधीच केले होते. ऊ यांनी त्या कामाला पूर्णत्व दिले. सलगमाची जात आणि कोबी यांच्या संकरातून त्यांनी रेपसीड कृत्रिमरीत्या घडवून दाखवले. आईबाप कोण याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

1935 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात सहा जातींचे नाते एका त्रिकोणात मांडलेले होते. तीन कोपऱ्यांवर तीन मूळ जाती आणि तीन बाजूंवर त्यांच्या संकरातून उपजलेल्या तीन जाती. एका जातीला फाटे फुटून नव्या जाती होतात, हे ठाऊक होते. दोन जाती एकत्र येऊनही नवी जात जन्मते, हे या त्रिकोणाने ठसठशीतपणे दाखवले. आज तो ‘यू त्रिकोण’ म्हणून ओळखला जातो. त्यांना कागदोपत्री जपानी आडनाव मिळाले होते, तरी शोधनिबंधावर त्यांनी वडिलांचेच आडनाव ठेवले. त्यामुळे ते विज्ञानात कायमचे नोंदले गेले.

पुढे कोरिया स्वतंत्र झाला आणि जपानहून येणारे भाजीपाल्याचे बियाणे थांबले. किमचीसाठी लागणाऱ्या कोबी-मुळ्याचेही वांधे झाले. तेव्हा कोरियाने या माणसाला बोलावले. मार्च 1950 मध्ये पत्नी आणि मुलाबाळांना जपानमध्ये ठेवून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते पुसानला आले. तीनच महिन्यांत युद्ध पेटले. सुदैवाने पुसान शत्रूच्या हाती पडले नाही, आणि चिनी कोबी, मुळा यांच्या सुधारित बियाण्याचे काम सुरू राहिले. बिनबियांचे कलिंगड त्यांनीच शोधले, असे कोरियात अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते संशोधन जपानच्या किहारा यांचे. ऊ यांनी ते शेतकऱ्यांना संकराची ताकद पटावी म्हणून पिकवून दाखवले होते.

1953 मध्ये जपानमध्ये त्यांची आई वारली. अंत्यदर्शनासाठी जाण्याची परवानगी कोरियन सरकारने दिली नाही. लोकांनी सांत्वनापोटी दिलेल्या पैशांतून त्यांनी पाण्याची टंचाई असलेल्या संशोधन केंद्रात विहीर खोदली आणि तिला आईच्या दुधाचा झरा या अर्थाचे नाव दिले. त्यानंतरही त्यांना जपानला जाता आले नाही. ऑगस्ट 1959 मध्ये आजारपणात कोरियाने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. त्यानंतर तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

पुढे डीएनएमधील खुणा वाचण्याचे तंत्र आले, आणि गुणसूत्रे मोजून काढलेला तो त्रिकोण त्याही कसोटीला उतरला. शिवाय अधिक तपशील मिळाला. पेशीतील हरितलवकाचा डीएनए या घराण्यात आईकडून येतो. तो तपासल्यावर फोडणीच्या मोहरीची आई सलगमाची जात आणि बाप काळी मोहरी असल्याचे दिसले. रोगाला तोंड देणारा एखादा गुण एका जातीतून दुसरीत आणायचा असेल, तर आजही पैदासकार आधी हाच त्रिकोण पाहतात. कारण संकर करायचा, तर आधी सोयरीक ठाऊक हवी.