हॉनस वॅग्नर : एका नकाराचे मोल

अमेरिकेतील ओहायो राज्यात डिफायन्स नावाचे एक गाव आहे. २०१२ साली तेथील एका जुन्या घराची आवराआवर चालू असताना पोटमाळ्यावर, लाकडी बाहुलीघराखाली, काजळीने माखलेला पुठ्ठ्याचा खोका सापडला. उघडून पाहिला तेव्हा आत सुतळीने बांधलेले छोट्या कार्डांचे गठ्ठे निघाले. १९१०च्या सुमारास गोड गोळ्यांबरोबर वाटली जाणारी ती बेसबॉलपटूंची चित्रे होती आणि त्यांची संख्या सुमारे ७०० होती. शतकभर अंधारात राहिल्याने त्यांचे रंग टवटवीत होते. टाय कॉब, साय यंग अशा दिग्गजांबरोबर त्यांत हॉनस वॅग्नर यांचाही चेहरा होता. त्यांचे एक कार्ड तर परीक्षकांनी दहापैकी दहा गुणांचे ठरवले. त्या खोक्यातील निवडक ३७ कार्डांच्या लिलावातून पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

गोळ्यांबरोबरच्या चित्रांत सहज सापडणारे वॅग्नर त्याच काळातील सिगारेटच्या पाकिटांतून मात्र जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि तेही स्वतःच्या इच्छेने. जुन्या कार्डांचा खोका उघडणारा प्रत्येक संग्राहक मनात ज्या एका कार्डाची आशा बाळगतो, ते कार्ड या नकारातून दुर्मिळ झाले.

जोहानस पीटर वॅग्नर यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८७४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळ आज कार्नेगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरात झाला. आईवडील जर्मनीतून आलेले, घरची परिस्थिती बेताची. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून ते कोळशाच्या खाणीत कामाला लागले. पुढे काही काळ त्यांनी केशकर्तनाचेही काम शिकले. त्यांचा भाऊ अल्बर्ट बेसबॉल खेळत असे आणि व्यावसायिक खेळाचा दरवाजा त्याच्यामुळेच त्यांच्यासाठी उघडला. १८९७ मध्ये लुईव्हिलच्या संघातून त्यांनी राष्ट्रीय लीगमध्ये पदार्पण केले. १९०० पासून निवृत्तीपर्यंत ते घराजवळच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडूनच खेळले.

रुंद छाती, लांब हात आणि धनुष्यासारखे वाकलेले पाय, अशी त्यांची शरीरयष्टी प्रथमदर्शनी खेळाडूची वाटत नसे. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधली, बेसबॉलमधील सर्वांत कठीण समजली जाणारी 'शॉर्टस्टॉप'ची जागा त्यांनी अशी सांभाळली की, पुढील पिढ्यांना तोच मापदंड झाला. १९०० ते १९११ या काळात राष्ट्रीय लीगमधील सर्वोत्तम फलंदाजी सरासरीचा मान त्यांनी आठ वेळा मिळवला. प्रतिस्पर्ध्यांची नजर चुकवून पुढचा तळ गाठण्याचा पराक्रम त्यांनी कारकिर्दीत सातशेहून अधिक वेळा केला. १९०३च्या पहिल्या जागतिक मालिकेत त्यांचा खेळ फिका पडला आणि पिट्सबर्ग हरले. तो डाग पुसला गेला १९०९ मध्ये. टाय कॉब यांच्या डेट्रॉइट संघाला पिट्सबर्गने नमवले, त्या मालिकेत वॅग्नर यांनी फलंदाजीत कॉब यांच्यावर स्पष्ट आघाडी घेतली.

याच १९०९ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डे घालण्यास सुरुवात केली. पाकीट ताठ राहावे आणि चित्रांच्या मोहाने विक्री वाढावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. १९११ पर्यंत चाललेली, पाचशेहून अधिक कार्डांची ही मालिका संग्राहकांत 'टी २०६' या क्रमांकाने ओळखली जाते. वॅग्नर यांची संमती मिळवण्याचे काम पिट्सबर्गमधील क्रीडा पत्रकार जॉन ग्रुबर यांच्याकडे होते आणि त्यासाठी त्यांना दहा डॉलर मिळणार होते. वॅग्नर यांनी परवानगी नाकारली. मात्र आपल्यामुळे ग्रुबर यांचे नुकसान नको म्हणून दहा डॉलरचा धनादेश स्वतः त्यांना पाठवला, अशी हकिगत १९१२ मध्ये क्रीडा नियतकालिकात छापून आली. तोवर थोडी कार्डे छापून बाहेर पडली होती. त्यांपैकी आज सुमारे साठच ज्ञात आहेत.

चित्राच्या लोभाने लहान मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये, हे या नकाराचे कारण सांगितले जाते. त्यावर आक्षेपही आहेत. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत आणि पूर्वी सिगारच्या जाहिरातीत त्यांचे चित्र आले होते. मोबदला न मिळाल्याने ते नाराज असावेत, असेही काहींना वाटते. पण पैशासाठी अडून बसलेला माणूस मध्यस्थाला पदरचे दहा डॉलर देईल, हे पटण्यासारखे नाही. स्वतःला जडलेली सवय मुलांना लागू नये असे वाटणे यात विसंगती असेलही. अनेक घरांतील वडीलधाऱ्यांत ती आढळते.

१९१७ मध्ये ते निवृत्त झाले. १९३३ पासून जवळजवळ दोन दशके ते पायरेट्सचे प्रशिक्षक होते. १९३६ मध्ये बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'साठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले, तेव्हा त्यांना बेब रूथ यांच्याइतकीच मते मिळाली. ३० एप्रिल १९५५ रोजी पिट्सबर्गमध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला कार्नेगीत त्यांचे निधन झाले.

कार्डाचा प्रवास पुढे चालूच राहिला. १९३०च्या दशकात ५० डॉलर ही त्याची किंमतही संग्राहकांना अचाट वाटत होती. त्याची एक प्रत १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकली गेली. तीच प्रत अधिक सुबक दिसावी म्हणून कडा कापल्याची कबुली एका बड्या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. २०२२ मध्ये दुसऱ्या एका प्रतीचा व्यवहार साडेबहात्तर लाख डॉलरला झाला. या सर्व उलाढालीत वॅग्नर यांचा हिशेब मात्र अगदी लहान आहे. या कार्डातून त्यांना काहीच मिळाले नाही. खिशातून गेले ते दहा डॉलर.