नमस्कार घालणारा राजा

म्हसवडच्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात औंधचे राजे हटकून येत. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जन्म १८६८ चा. तरुणपणी त्यांनी सँडोचा व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कार धरले आणि संस्थानातल्या शाळांतही सुरू केले. प्रत्येक नमस्काराला बीजमंत्र मोठ्याने म्हणायचा, श्वास सांभाळायचा. मनाला भटकायला सवडच उरत नसे, खरी मेख इथे आहे. नियमित व्यायामाने उदासी, काळजी हलकी होते, असे आज डॉक्टरही सांगतात. (निवृत्तीनंतर माझी झोप उडाली, तेव्हा मलाही रोजच्या बारा नमस्कारांनी सावरले.) सत्तरीला आले तरी राजेसाहेबांचा नेम टिकून होता. १९३९ साली त्यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवला. नमस्कार तेवढे स्वतःकडे ठेवले.